मागच्या दाराचं कुलूप

आपल्याकडे एक म्हण आहे, ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’. आग एकीकडे लागलेली आणि पाणी भलतीकडेच ओतणं चाललेलं असलं की ती वापरतात. वृद्धाश्रमांवरच्या चर्चा ऐकल्या की मला ही म्हण हटकून आठवते. आपली सगळी चर्चा एकाच जागी घुटमळते. मुलांनी आईबापांना तिथे ठेवावं की ठेवू नये? सुना बदलल्या की मुलगे बदलले? संस्कार कुठे गेले? यावर भाषणं होतात, नाटकं होतात, डोळे पुसले जातात. पण जी माणसं तिथे राहायला गेलेलीच आहेत, आज रात्री तिथेच झोपणार आहेत, त्यांच्याबद्दलचा एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. रात्री दोन वाजता आग लागली तर ही माणसं बाहेर कशी येणार?

हा प्रश्न इंजिनिअरचा आहे, आपला नाही, असं तुम्हाला वाटेल. मला मात्र तो आधी नीतीचा वाटतो. का, ते सांगते.

सणावाराला, कुणाच्या पुण्यतिथीला आम्ही काही बायका आमच्या भागातल्या एका वृद्धाश्रमात जातो. त्याचं नाव घेत नाही, कारण मी सांगणार आहे ते एकट्या त्या घराचं नाही. घर तसं चांगलं आहे. वेळेवर गरम पोळी मिळते, चादरी धुतलेल्या असतात, कुणी कुणावर खेकसत नाही. आम्ही जातो तेव्हा हेच सगळं बघून येतो आणि घरी येऊन म्हणतो, ‘छान ठेवलंय हो सगळ्यांना.’ एकदा मी सहज मागच्या अंगाला गेले. मधे लांब ओसरी, दोन्ही बाजूंना खोल्या, पुढे एक दार आणि मागे एक दार. मागच्या दाराला कुलूप. खिडक्यांना लोखंडी जाळ्या, आणि उन्हाळा असल्यामुळे त्याच खिडक्यांत कूलर बसवलेले. जिन्याखाली जुन्या गाद्या, रिकामे खोके, कुठल्याशा पंगतीतून उरलेल्या पत्रावळ्यांचे गठ्ठे. एका एक्स्टेन्शन बोर्डावर कूलर, मोबाइलचा चार्जर आणि पाणी तापवायची रॉड, असं तिघांचं एकत्र कुटुंब.

मी कुलपाबद्दल विचारलं, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकांनी शांतपणे सांगितलं, ‘ताई, एक आजोबा आहेत, त्यांना काही आठवत नाही. एकदा पहाटे उठून, माझी बस आहे म्हणून निघाले ते थेट हायवेवर. तेव्हापासून कुलूप लावतो. उद्या ट्रकखाली आले तर तुम्हीच विचाराल ना आम्हाला?’

खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकीचं नव्हतं. भीती खरी होती, आणि काळजीपोटीच ते कुलूप आलं होतं. शेजारच्या पलंगावरच्या आजी आमचं बोलणं ऐकत होत्या. त्या हसून म्हणाल्या, ‘आता माह्यं काय राह्यलं माय? आग लागली त लागली. ह्या गुडघ्यानं मी पयून पयून जाईन कुठं?’ सगळ्या हसल्या. याच आजी मघाशी बोटांवर महिने मोजत होत्या, नातीचं लग्न दिवाळीनंतर आहे म्हणून.

म्हणजे प्रश्न असा आहे. एका माणसाला रस्त्यापासून वाचवायचं म्हणून वीस माणसांचं दार बंद करायचं का? आणि म्हाताऱ्या माणसानं स्वतःच ‘आता माझं काय राहिलं’ म्हटलं, की आपण मोकळ्या होतो का?

आपल्या देशात इमारती कशा बांधाव्यात यासाठी नॅशनल बिल्डिंग कोड नावाची संहिता आहे. २०१६ च्या आवृत्तीत तिचा चौथा भाग आग आणि जीवितरक्षण यांवर आहे. इमारतींचे गट पाडताना त्यात ‘संस्थात्मक इमारती’ असा एक गट केला आहे. त्याचे तीन पोटगट आहेत. पहिल्यात रुग्णालयं. दुसऱ्यात वृद्धांची आणि अनाथांची निवासस्थानं. तिसऱ्यात तुरुंग आणि मनोरुग्णालयं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटलं. ज्यांनी जन्मभर आपल्याला वाढवलं त्यांचं नाव कैद्यांच्या शेजारी? पण थोडा विचार केल्यावर पटलं, की लिहिणाऱ्यानं अपमान केलेला नाही, एक कठोर खरी गोष्ट सांगितली आहे. तान्हं बाळ, ऑपरेशन झालेला रोगी, गुडघे गेलेली आजी आणि कोठडीतला कैदी, या चौघांत एकच गोष्ट सारखी आहे. संकट आलं तर ते आपल्या पायांनी, आपल्या मर्जीनं बाहेर येऊ शकत नाहीत. त्यांचं बाहेर येणं दुसऱ्याच्या हातात असतं. म्हणून अशा इमारतींवर जास्त बंधनं. बाहेर पडायला एकमेकांपासून लांब असलेल्या किमान दोन वाटा, कुणी अडवलेल्या नसाव्यात अशा ओसऱ्या, धुराची सूचना देणारी घंटा, वीज गेली तरी वाट दाखवणारा दिवा. ज्याच्या हाती किल्ली, त्याच्या माथी जबाबदारी, एवढाच त्याचा साध्या मराठीत अर्थ.

आणि हे काही कागदावरचं भय नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीला पहाटे आग लागली. तिथे दर्ग्याच्या आसऱ्यानं मनोरुग्णांना ठेवणारी खाजगी ठिकाणं होती. त्यातल्या एकात २८ जण जळून गेले. त्यांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. कुठे निघून जाऊ नयेत, स्वतःला इजा करून घेऊ नयेत, म्हणून. नातेवाइकांनीच विश्वासानं आणून सोडलेली माणसं. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा देशाला कळलं की असं काही असतं. ‘एरवाडीत साखळ्या होत्या, आमच्याकडे तसं काही नाही’ असं आपण पटकन म्हणू. पण जी बाई पलंगावरून उठायला दहा मिनिटं घेते, तिच्या दृष्टीनं कुलूप आणि साखळी यांत किती अंतर आहे?

दूरच्या दोन गोष्टी सांगते, कारण श्रीमंत देशांत असं होत नाही अशी आपली समजूत असते. ३१ जानेवारी २००४ च्या पहाटे स्कॉटलंडमध्ये, अडिंग्स्टनजवळच्या रोझपार्क नावाच्या वृद्धनिवासात एका कपाटात आग लागली. आग तशी मोठी नव्हती. पण धूर ओसरीत भरला आणि उघड्या दारांतून खोल्यांत शिरला. १४ वृद्ध गेले. घंटा वाजली होती. पण ती कुठल्या भागातली आहे याचा कर्मचाऱ्यांचा गोंधळ झाला, आणि अग्निशमन दलाला फोन करायला नऊ मिनिटं गेली. आगीत नऊ मिनिटं म्हणजे युग. पुढे २०११ मध्ये चौकशीचा निष्कर्ष आला, की नीट योजना असती तर यातले काही किंवा सगळेच मृत्यू टळले असते. दारं उघडी का असतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. हाक मारली तर ऐकू यावी, एकटं वाटू नये, म्हणून. मायेनं उघडी ठेवलेली खोलीची दारं आणि भीतीनं बंद केलेलं बाहेरचं दार, दोन्ही आगीत उलटतात. आग आपला हेतू विचारत नाही.

दुसरी गोष्ट कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातली. लिल-व्हेर्त नावाच्या छोट्या गावात २३ जानेवारी २०१४ च्या मध्यरात्रीनंतर वृद्धांच्या निवासाला आग लागली. हाडं गोठवणारी थंडी. ३२ जण गेले. इमारतीचा एक भाग नवा होता, त्यात छतातून आपोआप पाणी सोडणारे स्प्रिंकलर होते. जुन्या भागात नव्हते. एकाच छपराखाली, एकाच स्वयंपाकघरातलं जेवून झोपलेली माणसं, पण कुणाची खोली कुठल्या बाजूला, यावर नशीब ठरलं. जुन्या भागात ते का नव्हते? कारण जे वृद्ध स्वतःहून हिंडू-फिरू शकतात असं धरलेलं होतं, त्यांच्या निवासांना तेव्हा तिथे स्प्रिंकलरची सक्ती नव्हती.

हे ‘स्वतःहून हिंडू-फिरू शकतात’ मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडेही प्रवेशाच्या फॉर्मवर असंच लिहून घेतात. आजी पंच्याहत्तरीला येतात तेव्हा स्वतः चहा करून घेतात, बागेत फेऱ्या मारतात. फॉर्म तोच राहतो आणि आजी पंच्याऐंशीच्या होतात. मधल्या दहा वर्षांत कान गेले, म्हणजे घंटा ऐकू येणार नाही. रात्रीची झोपेची गोळी सुरू झाली, म्हणजे हाकेलाही जाग येणार नाही. वॉकर आला, म्हणजे जिना संपला. धूर वर चढतो, म्हणून जमिनीलगत रांगत बाहेर या, असं आगीच्या वेळी सांगतात. ज्यांना वाकून चप्पल घालता येत नाही त्या रांगणार कशा? माणूस म्हातारा होतो आणि इमारत आपल्याला तरणंच समजत राहते.

आता जवळचं. भंडारा आपल्याला काही परकं नाही, नागपूर ओलांडलं की आलं. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि १० तान्ही बाळं गेली. सगळा महाराष्ट्र हळहळला. रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात तसंच घडलं आणि ११ रुग्ण गेले, त्यांत वयस्क माणसं बरीच होती. दोनच दिवसांनी, ८ तारखेला, आपल्या राज्यात भोपाळला नवजातांच्या कक्षात आग लागली. पुढच्या वर्षी १ ऑगस्टला जबलपूरच्या एका खाजगी रुग्णालयात आठ जण गेले. आणि १ जानेवारी २०२३ ला, नव्या वर्षाच्या पहिल्या पहाटे, दिल्लीच्या ग्रेटर कैलासमधल्या वृद्धांच्या निवासात दोन वृद्ध स्त्रिया गेल्या. वस्ती श्रीमंतांची, पण धुराला पत्ता कळत नाही. बघा, यादीत कोण आहे? बाळं, आजारी आणि म्हातारे. ज्यांना पळता येत नाही तेच.

भंडाऱ्याच्या बातमीनं आपण रडलो. वृद्धाश्रमाच्या बातमीनं तेवढ्या रडत नाही. बाळाचं सगळं आयुष्य पुढे होतं, असं आपण म्हणतो. आणि म्हाताऱ्यांबद्दल? ‘पिकलं पान, गळणारच.’ हे वाक्य फार जपून वापरायला हवं. पान गळणं वेगळं आणि पान जाळणं वेगळं. आपल्या समाजात तर शेवट कसा व्हावा याचा केवढा विचार आहे. शांत चित्तानं, सर्वांची क्षमा मागून, जवळच्यांच्या साक्षीनं देह सुटावा, अशी इच्छा आपल्या घरातली प्रत्येक वयस्क बाई बोलून दाखवते. समाधिमरणाला आपण मंगल मानतो ते त्यात शुद्ध आहे, सावधपणा आहे, म्हणून. ज्यांनी मरणाचीही इतकी नीट तयारी करायला शिकवलं, त्यांनी कुलूपबंद खोलीत धुरानं गुदमरून, घाबरून, ओरडत जावं? वय जास्त झालं म्हणून असं मरण हलकं होत नाही. उलट एका लांब आयुष्याचं शेवटचं पान कुणीतरी फाडून टाकल्यासारखं होतं.

इथे मला आपल्या आजी-पणजींची आठवण येते. चूल पेटवण्याआधी लाकूड आपटून घ्यायच्या, गोवरी उलटून-पालटून बघायच्या, आत मुंगी किंवा किडा असेल तर तो मरू नये म्हणून. पतंग झेपावू नयेत म्हणून दिव्यावर जाळी ठेवायच्या. भांडं उचलताना आणि ठेवतानाही बघून. याला आपण यत्नाचार म्हणतो. मुनींच्या पाच समित्यांमध्ये आदान-निक्षेपण आहे, म्हणजे वस्तू जपून उचलणं आणि जपून ठेवणं. आता मी विचारते, मुंगीसाठी चूल तपासणारा समाज आजीसाठी वायर का तपासत नाही? जिन्याखाली गाद्या ठेवणं, एका बोर्डावर तीन उपकरणं लावणं, हे ‘निक्षेपण’ नाही तर काय आहे?

यत्नाचारामागे एक विचार आहे आणि तो मला या बाबतीत फार नेमका वाटतो. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, जागा दिली आहे. आपल्या आचार्यांनी यावर खोल विचार केला. पूर्ण काळजी घेऊन चालणाऱ्याच्या पायाखाली नकळत जीव आला तर त्याला ते हिंसक म्हणत नाहीत. पण बेपर्वाईनं चालणाऱ्याच्या पायाखाली काहीच आलं नाही, तरी तो सुटत नाही. म्हणजे दोष परिणामावर ठरत नाही, वागण्यावर ठरतो. हे वृद्धाश्रमाला लावून बघा. ‘वीस वर्षं झाली, कधी काही झालं नाही’ असं व्यवस्थापक म्हणतात, आपणही मान डोलावतो. पण या विचारानं पाहिलं तर रात्री दहा वाजता मागच्या दाराला कुलूप लागतं आणि किल्ली तिसऱ्याच्या घरी जाते, तेव्हाच चूक झालेली असते. आग लागली नाही हा आपला पुण्यसंचय नव्हे, नुसता योगायोग आहे. आणि योगायोगाला पुण्य समजणं ही फार मोठी फसगत आहे.

आपण धोक्याची तयारी करत नाही असंही नाही. आपल्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. त्या दिवशी डॉक्टर, अँब्युलन्स, पोलीस सगळे आधीपासून हजर असतात. का? कारण डोकी फुटणार हे नक्की माहीत असतं. जिथे इजा ठरलेली तिथे आपण तयार असतो. जिथे इजा नुसती शक्य आहे तिथे मात्र देवावर हवाला.

आता खर्चाची बाजू. ती टाळून चालणार नाही, कारण बोलणं सोपं आहे. मोठं शुल्क घेणाऱ्या शहरी निवासांना स्प्रिंकलर, धुराची यंत्रणा, आगरोधक दारं परवडतात. आमच्याकडचं दानावर चालणारं घर हे कुठून आणणार? उद्या कुणी सरकारी माणूस आला आणि म्हणाला, नियम पाळा नाहीतर बंद करा, तर ते बंदच होईल. मग ते वीस म्हातारे कुठे जातील? आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान दीडशे निराधार वृद्धांना सामावणारा वृद्धाश्रम राज्य सरकार उभारू शकेल, असं त्यात म्हटलंय. ‘उभारू शकेल’. २०१९ मध्ये केंद्रानं निवृत्तांच्या निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली. तीही राज्यांनी मनावर घेतली तर. आपला पांढुर्णा जिल्हा तर २०२३ च्या ऑक्टोबरमधला, अजून नवा. तेव्हा असुरक्षित घर चांगलं की घरच नसणं चांगलं, हा पेच पुस्तकी नाही. क्वेबेकनंही आगीनंतर जुन्या निवासांना स्प्रिंकलर सक्तीचे केले, पण छोट्या निवासांना खर्च झेपेना आणि मुदत वाढवत न्यावी लागली.

मी यावर पुष्कळ विचार केला आणि मला एक फरक सापडला. न देणं वेगळं आणि हिरावून घेणं वेगळं. पैसे नाहीत म्हणून स्प्रिंकलर बसवला नाही, हे न देणं झालं. ती उणीव आहे. ती भरून काढायला वेळ मागता येतो, मदत मागता येते, आणि ती उणीव एकट्या त्या घराची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. पण दार होतं आणि आपण त्याला कुलूप घातलं, खिडकी होती आणि कूलरनं बुजवली, जिन्याची वाट होती आणि गाद्यांनी अडवली, हे हिरावून घेणं झालं. त्या माणसाकडे वाचण्याची जी काही थोडी संधी होती ती आपण काढून घेतली. गरिबी हे त्याचं कारण होऊच शकत नाही, कारण ते परत द्यायला पैसा लागत नाही. गाद्या हलवायला काय खर्च? किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर टांगायला काय खर्च? निम्मे कूलर खिडकीतून काढून बाहेर पडता येईल अशी एक तरी मोकळी उघडणारी खिडकी ठेवायला काय लागतं?

राहिले ते बस पकडायला निघणारे आजोबा. त्यांचा प्रश्न खरा आहे, पण त्याचं उत्तर कुलूप हे एकच नाही. दाराला आतून सहज उघडणारी कडी आणि वर एक घंटा लावा. दार उघडलं की ती वाजेल आणि कुणीतरी उठेल. मागे अंगण असेल तर कुंपण अंगणाला घाला, फाटक इमारतीपासून लांब ठेवा. आजोबा दारातून बाहेर आले तरी अंगणात राहतील, आणि आग लागली तर सगळेच अंगणात येतील. मोठ्या ठिकाणी आगीची घंटा होताच आपोआप सुटणारी कुलपं असतात. म्हणजे रस्त्यापासून वाचवणं आणि आगीपासून वाचवणं या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नाहीत. फक्त कुलूप स्वस्त पडतं आणि त्याला जागं राहावं लागत नाही, एवढंच.

जागं राहण्यावरून आठवलं. रात्री तिथे जागी कोण असते? एक मावशी. दिवसभर दुसरीकडे धुणीभांडी करून आलेली, तुटपुंज्या पगारावर, वीस माणसांना एकटी. आग लागली तर तिनं कुणाला आधी उचलायचं? तिला कुणी शिकवलंय का, की जड माणसाला उचलायचं नसतं, खाली सतरंजीवर घेऊन ओढत न्यायचं असतं? की आग असलेल्या खोलीचं दार बाहेर येताना लावून घ्यायचं, म्हणजे धूर कोंडला जातो? की आधी १०१ किंवा ११२ ला फोन करायचा आणि मग व्यवस्थापकांना? आणि सगळं करूनही ती एकटी जीव घेऊन पळाली, तर तिला दोष द्यायचा? भंडाऱ्यानंतर परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. नगरनंतर एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्यासह परिचारिकांना अटक झाली. कोण दोषी, हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण मला एवढं दिसतं, की वायर कुणी बसवली, दार कुणी बंद केलं, पैसे कुठे वाचवले, हे प्रश्न वर वर चढत जातात आणि धुरासारखे विरून जातात. हातकडी मात्र खाली, रात्रपाळीला असलेल्या बाईपर्यंत लवकर पोचते. जिला दाराची किल्लीही दिली नाही, तिला दार न उघडल्याचा जाब विचारणं हा न्याय नव्हे.

आणि बायांनो, वृद्धाश्रमावर बोट ठेवताना आपलं घरही बघून घेऊ. आपल्यापैकी बहुतेकींच्या सासूबाई, आई घरातच आहेत, आणि ते भाग्याचं आहे. पण त्यांची खोली कुठे आहे? बहुधा मागची, आतली, शांत. खिडकीत कूलर. दाराला बाहेरून कडी, कारण रात्री उठून पडतील. देवाजवळ रात्रभर नंदादीप, आणि त्यावर लोंबणारा पडदा. मे महिन्यात आपल्या सौंसरला ऊन असं तापतं, की त्या कूलरशिवाय रात्र काढवत नाही, मान्य. तरी झोपण्याआधी एकदा स्वतःला विचारून बघा. आता वीज गेली, धूर झाला, तर या खोलीतून कुणाच्या मदतीशिवाय बाहेर येता येईल का? मदत लागेल तर ती कोण करणार? आणि हे त्या व्यक्तीला माहीत आहे का? तीन प्रश्न आहेत, पाच मिनिटं लागतात.

शेवटी दानाबद्दल. दान देण्यात आपला समाज मागे नाही, हे मी अभिमानानं सांगते. कुठल्याही धर्मशाळेत वर बघा, पंख्याच्या पात्यांवर नावं असतात. अमुक यांच्या स्मरणार्थ. थंड पाण्याच्या टाकीवर नाव, बाकावर नाव, कूलरवर लाल रंगात नाव. यात वाईट काही नाही, त्या पंख्याखाली कुणाला तरी झोप लागतेच. पण बाहेरच्या बाजूला उघडणारं एक रुंद दार कुणी दान दिल्याचं मी पाहिलेलं नाही. नवीन वायरिंग कुणी दिलेलं नाही, कारण ती भिंतीत जाते. रात्रपाळीच्या दुसऱ्या मावशीचा वर्षाचा पगार कुणी दिलेला नाही, कारण तिच्यावर नाव कसं घालणार? अशी दानं दिसत नाहीत, आणि ज्या दिवशी ती कामी येतात त्या दिवशीही काही घडत नाही. सगळे सकाळी उठतात, चहा मागतात, एवढंच. गुप्तदानाला आपण श्रेष्ठ म्हणतो. मग हेच घ्या ना.

पुढच्या पुण्यतिथीला जाल तेव्हा मिठाई नेच. आजींना ती आवडते. पण हातातला डबा ठेवल्यावर ओसरीतून सरळ मागच्या दाराशी जा आणि ते उघडून बघा. उघडलं, तर तसं व्यवस्थापकांना मनापासून सांगा, कारण त्यांना तेवढं कुणी म्हणत नाही. उघडलं नाही, तर किल्ली कुठे आहे ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत मिठाई वाटायला घेऊ नका.